गाडी विकणाऱ्याने सोशल मीडियावर नेमकं करायचं काय?

चावी_हातात

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला आहे, आठ महिने झाले. आमच्या मॅनेजर साहेबांनी फर्मान काढलंय की प्रत्येकाने रोज एक रील टाकायचं. मी टाकतोही. चकाचक गाडी, मागे सध्या गाजणारं गाणं, खाली 'आजच बुक करा, डीएम करा'. लाइक येतात, पण ते शोरूममधल्याच पोरांचे आणि माझ्या मावसभावांचे. गिऱ्हाईक एकही आलेलं नाही.

उलट आमच्याकडे एक काका आहेत. ते रील-बिल काही करत नाहीत, पण त्यांच्या निम्म्या गाड्या जुन्या गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या माणसांना जातात. गुपित विचारलं तर म्हणतात, "फोन उचलत जा." पुढे काही नाही.

तर दोन प्रश्न. टाकायचं काय? आणि डिलिव्हरीनंतर लोकांशी संपर्क कसा ठेवायचा, म्हणजे त्यांना कटकट वाटणार नाही? अनुभव सांगा, शिव्या घातल्या तरी चालेल.

---

आकडेमोडे

शिव्या चालतील म्हणालात म्हणून लिहितो. गाडी काही साबणाची वडी नाही, आज संपली आणि उद्या आणली. माणूस एकदा घेतो आणि पुढची कित्येक वर्षं शोरूमचं तोंड बघत नाही. मग मधल्या काळात 'नातं' कसलं जपणार? हे सोशल मीडियावाल्यांनी विकलेलं खूळ आहे. भाव चांगला द्या, गाडी वेळेवर द्या, संपलं.

---

जुनी_वाट

आकडेमोडे, गणित बरोबर आहे, पण उत्तर उलटं निघतं. तो माणूस कित्येक वर्षं स्वतः येणार नाही. पण तेवढ्या काळात त्याच्या ओळखीतले किती जण गाडी घेतील? ते त्याला विचारणारच, "तू कुठून घेतलीस? माणूस कसा होता?" त्या वेळी तुमचं नाव त्याच्या तोंडी आलं पाहिजे. खेळ एवढाच आहे.

मी या धंद्यात सतरा वर्षं आहे. जो जिरार्डचं नाव विक्रीतल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेत डेट्रॉइट भागात शेव्हरोलेच्या गाड्या विकायचा. 1963 ते 1978 या काळात त्याने 13,001 गाड्या विकल्या, गिनीज बुकात नोंद आहे. मोबाईल आणि इंटरनेटच्या आधीचा माणूस. त्याचं हत्यार काय, तर दर महिन्याला प्रत्येक गिऱ्हाइकाला टपालाने एक शुभेच्छापत्र. पाकिटाचा आकार आणि रंग दर वेळी वेगळा, म्हणजे जाहिरात समजून कोणी न उघडता फेकू नये. आत गाडीची जाहिरात नसायचीच.

त्याचा आणखी एक हिशेब होता. अंत्यविधीला साधारण अडीचशे माणसं येतात, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत तेवढी माणसं धरायची. एकाला दुखावलंत तर 250 जणांपर्यंत जातं. आता त्यासाठी मरायचीही गरज नाही, एक स्क्रीनशॉट पुरतो.

---

मागची_सीट

जुनी_वाट, जिरार्डची पत्रं मेजावर पडून राहत असतील, व्हॉट्सअ‍ॅप खिशात थरथरतं. फरक आहे.

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली. घेण्याआधी शोरूमच्या मुलाचे दिवसाला तीन मेसेज, 'मॅम, काय ठरलं?' पैसे भरले आणि गाडी येईपर्यंत दहा आठवडे चिडीचूप. दर वेळी मीच फोन करायचा आणि त्याने म्हणायचं, "मॅम, कंपनीकडूनच अपडेट नाही." डिलिव्हरीच्या दिवशी मात्र हार, केक, ड्रोन आणि माझ्या हातात माझाच फोन देऊन, "मॅम, फाइव्ह स्टार द्या ना." दिले, कारण चावी अजून त्याच्या हातात होती. आता दर सणाला त्याचा फुलांचा फोटो येतो. खाली त्याचं नाव, हुद्दा, नंबर आणि शोरूमचा लोगो. मी म्यूट केलंय.

याला नातं म्हणत असाल तर आकडेमोड्यांना अनुमोदन.

---

चौथा_गिअर

+१. हार घातलेला बॉनेट बघून मला बोकड आठवतो. हलकेच घ्या.

---

जुनी_वाट

मागची_सीट, तुम्ही जे दहा आठवडे सांगितलेत ना, तिथेच सगळं घडतं किंवा बिघडतं. चावी_हातात, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डिलिव्हरीच्या नंतर शोधू नकोस, आधी शोध.

पैसे भरून झालेला माणूस धास्तावलेला असतो. त्याला कळत नसतं की गाडी बनली का, निघाली का, कुठल्या यार्डात उभी आहे. आपल्याला मात्र टप्पे माहीत असतात. चेसिस नंबर लागला, कारखान्यातून निघाली, यार्डात उतरली, पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) झालं, नोंदणीला गेली. मी आठवड्यातला एक दिवस ठरवून टाकलाय, शुक्रवार. त्या दिवशी बुकिंगवाल्या प्रत्येकाला एक ओळ जाते. बातमी नसेल तर तेच लिहितो, 'या आठवड्यात काही हललेलं नाही, पुढच्या शुक्रवारी सांगतो.' पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं होतं लोक चिडतील. चिडले नाहीत. फोन यायचे थांबले, कारण शुक्रवारी कळणार हे माहीत झालं.

गाडी यार्डात आली की एक छोटा व्हिडिओ. सजवलेली नाही, धुळीने माखलेली, काचेवर स्टिकर, सीटवर प्लास्टिक. 'ही तुमची.' त्याला जे उत्तर येतं ते कुठल्याही रीलला येत नाही. लोक तो घरच्यांना पाठवतात, घरचे पुढे पाठवतात.

---

आकडेमोडे

ठीक आहे, हे पटलं. पण हा व्हॉट्सअ‍ॅप झाला. सोशल मीडिया कुठाय यात?

---

जुनी_वाट

व्हॉट्सअ‍ॅपवरूनच मला एक गोष्ट उमगली, ती सांगतो. साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण घालता येतात. पण मेसेज पोचतो कोणाला? ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच. स्टेटसचंही तेच, दोघांनी एकमेकांचे नंबर ठेवलेले हवेत.

मी एकदा हौसेने पूर्ण यादी भरून मेसेज सोडला आणि डबल टिक मोजत बसलो. निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच टिक. म्हणजे ज्यांना मी गाड्या विकल्या, ज्यांच्यासोबत फोटो काढले, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये मी नव्हतोच! फॉलोअर वगैरे सोडा. तुमचा नंबर किती जणांनी नावानिशी ठेवलाय, तो खरा आकडा. माझं एका ताईंच्या फोनमधलं नाव मी बघितलंय, 'गाडीवाला भाऊ टायर'. त्यांना एकदा हवेचा दाब सांगितला होता.

---

तेलकट_हात

टायरवरून आठवलं. मी सर्व्हिसला असतो, विक्रीवाल्यांनी विकलेल्या गाड्या पुढची सगळी वर्षं आम्ही बघतो. चावी_हातात, टाकायचं काय विचारतोस ना? एक दिवस सर्व्हिसच्या काउंटरवर येऊन उभा राहा. लोक काय विचारतात ते ऐक. तुझे सहा महिन्यांचे विषय तिथे आहेत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, हवा किती भरायची? उत्तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, दार उघडून वाकून बघायचं. किती जणांना माहीत आहे? इंधनाच्या काट्याजवळचा बारका बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 3523 म्हणजे 2023 सालच्या 35 व्या आठवड्यात बनलेला. हे एकदा कळलं की माणूस शेजाऱ्याच्या टायरसमोरही उकिडवा बसतो.

आणि रिमोटची बॅटरी संपली तर गाडी उघडायची कशी, चालू कशी करायची! बटणवाल्या गाडीच्या रिमोटमध्ये लपलेली किल्ली असते हे डिलिव्हरीच्या दिवशी सांगतात, पण त्या दिवशी माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. तो वेगळ्याच धुंदीत असतो. तीच गोष्ट महिन्याभराने चाळीस सेकंदांत दाखव. लोक सेव्ह करतील. गाणंबिणं नको.

---

चौथा_गिअर

गाण्याबद्दल अवांतर: इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत, हक्कांची भानगड असते. आमच्या इथे एकाचं रील मुकं झालं होतं. तो दोन दिवस गाडीच्या बोनेटवर नाचतोय, आवाज शून्य.

कामाचं एक सांगतो. रेकॉर्डिंग शोरूमच्या मधोमध उभं राहून करू नका, आवाज घुमतो. गाडीत बसा, काचा वर करा, एसीचा ब्लोअर बंद करा. सीटचं कापड आणि बंद काचा यामुळे आवाज असा येतो की स्टुडिओ काय करेल. आणि खाली मजकूर टाकाच, बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात.

---

मागची_सीट

तेलकट_हात, मी आत्ता खाली जाऊन दाराची चौकट बघून आले. आहे की! दोन वर्षं मी पंपावरच्या मुलाला "तुम्हीच बघा किती ते" म्हणत होते.

आता एक माझ्याकडून. रीलखाली कोणी किंमत विचारली की 'डीएम केलाय' हे उत्तर बंद करा. भयंकर डोक्यात जातं. किंमत काही गुप्तरोग नाही.

---

चावी_हातात

ताई, त्यामागे कारण असतं. मॉडेल, रंग, विमा, कर, अ‍ॅक्सेसरी, यावर आकडा बदलतो. उघड लिहिला तर उद्या कोणी तोच धरून बसतो. शिवाय डीएममध्ये घेतलं की नंबर मिळतो, तो लीड, म्हणजे होऊ शकणारं गिऱ्हाईक, म्हणून चढवता येतो. आम्हाला त्याचं टार्गेट असतं.

---

मागची_सीट

बघा, शेवटचं वाक्य खरं कारण आहे. :)

कंपनीच्या संकेतस्थळावर मूळ किंमत असतेच. तीच लिहा आणि खाली लिहा की यावर कर, नोंदणी आणि विमा लागतो, विमा तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता. मला असं उघड सांगणारा दिसला तर मी स्वतःहून नंबर देईन.

---

जुनी_वाट

ताईंचं बरोबर आहे. तरी उघड्यावर आकडे टाकताना मी एकदा जबर ठेच खाल्लीय, ती सांगतो.

महिनाअखेर होती, दोन गाड्या कमी पडत होत्या. वरून सवलत आली. मी लगेच स्टेटस टाकलं, 'फक्त तीन दिवस, घसघशीत सूट', मॉडेलचा फोटो, त्यात आकडा. तेच मॉडेल नऊ दिवसांपूर्वी मी एका शिक्षकांना विकलं होतं, पूर्ण भावात. गृहस्थ इतके सज्जन की घासाघीससुद्धा केली नव्हती. त्यांनी स्टेटस पाहिलं. खाली नावं दिसतात ना कोणी पाहिलं त्यांची, तिथे त्यांचं नाव दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी फक्त लिहिलं, 'छान. शुभेच्छा.'

मी फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी घरी गेलो. सांगितलं की नऊ दिवसांपूर्वी ही सूट खरंच नव्हती, आणि सिस्टीममधल्या तारखा दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. पण त्यांच्याकडून पुढे एकही माणूस आला नाही. त्याआधी बुकिंगच्या काळात त्यांनी दोघांना माझं नाव सांगितलं होतं.

तेव्हापासून सवलतीची बातमी मी स्टेटसला टाकत नाही. जे चौकशी करून गेलेत त्यांना एकेकट्याला कळवतो. स्टेटस जुने गिऱ्हाईकच जास्त बघतात, आणि त्यांना आपण किती महाग घेतली हे बघायची हौस नसते.

---

कलमबहाद्दर

धागा आत्ता पाहिला. डिलिव्हरीच्या फोटोंबद्दल कोणी बोलेल म्हणून वाट बघत होतो.

त्या एका फोटोत काय काय असतं बघा: माणसाचा चेहरा, बायकोमुलं, नंबर प्लेट, कधी काचेच्या खालच्या कोपऱ्यातला चेसिस नंबर, आणि हातात कॅमेऱ्यासमोर धरलेली किल्ली. पात्याची किल्ली असेल तर स्पष्ट फोटोवरून तिची नक्कल काढता येते, तेव्हा पातं मुठीत ठेवायला सांगा.

पण मोठा मुद्दा परवानगीचा. 'सगळेच टाकतात' ही परवानगी नव्हे. एकाने नवी गाडी घेतलेली ऑफिसात सांगितली नव्हती, पगारवाढीची बोलणी चालू होती. शोरूमने टॅग केलं, साहेबांनी लाइक केलं. हसू येतं, पण त्याला आलं नाही.

युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा 2018 पासून लागू आहे, भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. दोन्हींच्या मुळाशी साधारण एकच गोष्ट आहे, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा. कागदपत्रासाठी घेतलेला नंबर जाहिरातीला वापरायचा तर विचारा. चॅटमध्येच विचारा, 'फोटो तुमच्यापुरता ठेवू की मी टाकला तर चालेल?' उत्तर लेखी राहतं.

मागची_सीट, तुमच्या फाइव्ह स्टारबद्दल: सवलत किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या धोरणात बसत नाही. चावी अडवून घेणं धोरणात लिहिलेलं नसावं, पण...

---

तेलकट_हात

रिव्ह्यू मागायचाच तर पहिल्या सर्व्हिसनंतर मागा. तेव्हा माणूस गाडीबद्दल काही तरी खरं लिहितो. डिलिव्हरीच्या दिवशीचे सगळे 'छान अनुभव, धन्यवाद' असतात, वाचणाराही ओळखतो.

आणि आपोआप जाणाऱ्या मेसेजांपासून सावध. आमच्याकडे एकांची गाडी अपघातात पूर्ण गेली, विमा कंपनीने टोटल लॉस केली. माणूस वाचला, नशीब. तीन आठवड्यांनी विक्रीच्या सिस्टीममधून त्यांना मेसेज, 'तुमच्या लाडक्या गाडीला आज एक वर्ष पूर्ण! अभिनंदन!' फुगे वगैरे. ते मोबाईल घेऊन आमच्या काउंटरवर आले, काही बोलले नाहीत, नुसता मेसेज दाखवला. चूक विक्रीची, समोर उभे आम्ही. तेव्हा विक्रीवाल्यांनो, आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे चक्कर मारून कोणाच्या गाडीचं काय झालं ते विचारा.

---

आकडेमोडे

मी थोडा नरमलोय, कबूल. पण एक व्यवहाराचा प्रश्न. हे सगळं चावी_हातात स्वतःच्या नावावर करतोय की शोरूमच्या? उद्या नोकरी बदलली तर हे जमवलेले लोक कोणाचे?

---

जुनी_वाट

लाखमोलाचा प्रश्न. कंपनीने दिलेलं सिम आणि कंपनीची गिऱ्हाइकांची यादी कंपनीची. ती घेऊन पळणं म्हणजे चोरी, आणि त्यात अडकलेले पाहिलेत मी. पण दाराच्या चौकटीवरचं स्टिकर दाखवणारं तुझं खातं तुझं, तिथे लोक आपणहून आले. दोन्ही पहिल्या दिवसापासून वेगळं ठेव. फेसबुकवर स्वतःच्या प्रोफाइलवरून धंदा करू नकोस, नियमात ते मुख्यतः धंद्यासाठी चालत नाही आणि 5,000 मित्रांनंतर दार बंद होतं. पेज काढ. शोरूमची परवानगी मात्र आधी घे, त्यांचा लोगो वापरणार असशील तर नक्कीच.

---

काठावरची

इतका वेळ वाचत होते. आम्ही गाडी का आणि कोणाकडून घेतली ते सांगते, बघा उपयोग होतोय का.

सासरे व्हीलचेअरवर असतात. चार शोरूमना मेसेज केला, घडी केलेली व्हीलचेअर डिकीत बसेल का? तिघांनी डिकीचे लिटर कळवले. लिटर घेऊन मी काय करू? मला दूध ठेवायचं नव्हतं. चौथ्या शोरूमच्या मुलीने आमच्या खुर्चीची मापं मागितली आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाठवला. कुठून तरी तशीच खुर्ची आणली होती. पहिल्यांदा आडवी घालून पाहिली, झाकण लागलं नाही. तेही तिने कापलं नव्हतं, झाकण खुर्चीच्या हँडलवर आपटतं तो आवाजसुद्धा आहे. मग मागच्या सीटचा एक भाग पाडला, खुर्ची तिरकी सरकवली, झाकण लागलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे मागे एकच जण बसू शकेल, तुम्ही किती जण असता?"

आम्ही चौघं असतो. तिने स्वतःच सांगितलं की मग ही नको, आणि त्यांच्याचकडची दुसरी सुचवली. तिचाही व्हिडिओ पाठवला. नंतर विचारून तो तिच्या पानावर टाकला, खुर्चीचा फक्त, आमचं कोणाचं नाव नाही. त्याखाली अजून लोक मापं पाठवून विचारतात. वॉकर बसेल का, सेलो बसेल का, जुळ्यांची बाबागाडी बसेल का. ती प्रत्येकाला उत्तर देते.

---

आकडेमोडे

बरं. आता पूर्ण नरमलो.

---

चावी_हातात

सगळ्यांचे आभार, खूण करून ठेवलीय. तीन दिवस तेलकट_हात यांनी सांगितलं तसं सर्व्हिसच्या काउंटरवर जेवणाच्या सुट्टीत उभा राहिलो. वहीत एकोणीस प्रश्न झालेत. काकांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, विसावा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून गेले: लहान मुलांची सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या त्यासाठीच्या कड्यांना) कशी अडकवायची?

मॅनेजर साहेब रोजच्या रीलवरून हटत नाहीत. मी म्हटलं आठवड्यातले चार दिवस तुमचे, तीन माझे. अजून हो म्हणालेले नाहीत.

काल आयसोफिक्सचा व्हिडिओ केला, गाडीत बसून, काचा बंद करून. घामाने निथळलो, ब्लोअर बंद ठेवायला सांगणाऱ्या चौथा_गिअर यांचे खास आभार.

---

मागची_सीट

तो व्हिडिओ इथे टाक ना. भाच्याची सीट आणलीय आणि मला त्या कड्या सापडतच नाहीत. बोटं घालून घालून नखं तुटली.

---

चावी_हातात

ताई, पाठ आणि बसकण यांच्या फटीत असतात, वर छोटं चिन्ह शिवलेलं असेल बघा. काही गाड्यांत त्यावर कापडाची झडप असते. कुठलं मॉडेल? उद्या तीच गाडी उघडून दाखवतो.